अर्ध्या पुस्तकाचा चित्रपट: मिखाएल एंडे आणि हक्कविक्रीचा एक निर्णय

प्रकरणाची व्याप्ती

पश्चिम जर्मनीच्या चित्रपटसृष्टीने तोवर केलेल्या सर्वांत खर्चिक निर्मितींपैकी एक १९८४ च्या एप्रिलमध्ये पडद्यावर आली, आणि ज्यांच्या पुस्तकावरून ती केली होती त्या लेखकाने त्याच सुमारास जाहीर केले की, या चित्रपटाशी आपले नाव जोडले जाऊ नये. लेखक होते मिखाएल एंडे. पुस्तक होते 'दि उनएंडलिशे गेशिश्टे', म्हणजे 'न संपणारी गोष्ट'. मुलांसाठी लिहिलेल्या या अद्भुतकथेने पाच वर्षांत मोठ्यांच्या पुस्तकांनाही खपात मागे टाकले होते.

लेखक आणि दिग्दर्शक यांची भांडणे नवी नाहीत, आणि 'पुस्तक चांगले होते, चित्रपट बिघडला' हे वाक्य आपणही चहाच्या टेबलावर सहज बोलून जातो. या प्रकरणाकडे तेवढ्याच नजरेने पाहिले तर त्यातील शिकण्यासारखा भाग हातातून निसटतो. एंडे यांची तक्रार फक्त रुचीची नव्हती. त्यांनी आयुष्यभर जे म्हणणे मांडले होते, त्याच्या नेमके उलटे म्हणणे त्यांच्याच नावाने पडद्यावर गेले, असा त्यांचा रास्त समज होता. हे कसे घडले, कोणत्या टप्प्यावर ते टाळता आले असते आणि नंतर उरलेल्या मार्गांपैकी कोणता किती उपयोगी पडला, हे पुढे मांडले आहे. सार्वजनिक कामाशी संबंधित व्यक्तींचीच नावे दिली आहेत. बाकीच्यांचा उल्लेख नावाशिवाय आहे.

पार्श्वभूमी

एंडे यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९२९ रोजी बव्हेरियातील गार्मिश येथे झाला. वडील एडगार एंडे हे अतिवास्तववादी चित्रकार होते. १९३६ मध्ये नाझी राजवटीने त्यांची चित्रे 'विकृत कला' ठरवून त्यांच्या प्रदर्शनावर बंदी घातली, आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकमधील त्यांचा स्टुडिओ अडीचशेहून अधिक चित्रांसह जळून गेला. मनातून उतरलेल्या प्रतिमांनाही सरकार घाबरते, हे या मुलाने घरातच पाहिले. युद्धाच्या शेवटी कोवळ्या वयात सैन्यात भरतीचा हुकूम आल्यावर तो पळून गेला आणि म्युनिकमधील विरोधी गटासाठी निरोप पोचवण्याचे काम करू लागला.

युद्धानंतर त्यांनी म्युनिकच्या ओटो फाल्केनबर्ग नाट्यशाळेत अभिनयाचे शिक्षण घेतले, गावोगावच्या रंगमंचांवर छोट्या भूमिका केल्या, कॅबरेसाठी संहिता लिहिल्या आणि बव्हेरियन रेडिओसाठी कित्येक वर्षे चित्रपट परीक्षणेही केली. हा शेवटचा तपशील पुढे लक्षात ठेवण्याजोगा आहे. चित्रपट कसा बनतो, त्यात कोणाचे चालते आणि लेखकाचे किती चालते, याची कल्पना नसलेला हा भाबडा माणूस नव्हता.

पहिले पुस्तक जवळजवळ अपघाताने झाले. एका मित्राने चित्रपुस्तकासाठी मजकूर मागितला, एंडे यांनी एका छोट्याशा देशात राहणाऱ्या इंजिनचालकाबद्दल एक वाक्य लिहिले आणि पुढे काय होणार हे न ठरवता वाक्यामागून वाक्य लिहीत गेले. तयार झालेले भले मोठे हस्तलिखित दहाएक प्रकाशकांनी परत केले. शेवटी श्टुटगार्टच्या थीनेमान प्रकाशनाच्या लोटे वाइटब्रेख्ट यांनी ते स्वीकारले, पण त्याचे दोन भाग करावेत ही अट घालून. इंजिनचालक लुकास आणि त्याचा छोटा साथी जिम क्नोप्फ यांच्या कथेचा पहिला भाग १९६० मध्ये, दुसरा १९६२ मध्ये निघाला. पहिल्या भागाला १९६१ चा जर्मन बालवाङ्मय पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सात महिन्यांचे भाडे थकल्याबद्दल घरमालकिणीने एंडे यांच्यावर दावा लावलेला होता. पैशांची ही चणचण त्यांना पुढेही पुरती सोडून गेली नाही.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे या प्रकरणाची चर्चा करणारे फारसे पाहत नाहीत. आउग्सबुर्गर पुपेनकिस्टे या प्रसिद्ध कठपुतळी रंगमंचाने १९६१ पासून जिम क्नोप्फची कथा दूरचित्रवाणीवर आणली. समुद्र म्हणून चकचकीत प्लॅस्टिकचा पातळ पडदा हलवला जाई, बाहुल्यांच्या दोऱ्या उघड दिसत, आणि जर्मनीतील एक अख्खी पिढी ते पाहत वाढली. म्हणजे एंडे यांचा रूपांतराशी आलेला पहिला अनुभव उत्तम होता: माध्यम बदलले, थाट साधा राहिला, आणि गोष्ट शाबूत राहिली. पुढच्या करारावर सही करताना हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता, आणि माझ्या मते तो काहीसा फसवा ठरला.

टीकाकारांशी चाललेला वाद

साठीच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीचे वाङ्मयीन वातावरण पालटले. मुलांच्या पुस्तकांनीही समाजाचे वास्तव दाखवावे, प्रश्न उभे करावेत, अशी अपेक्षा जोर धरू लागली आणि ड्रॅगन, राजकन्या, जादूचे इंजिन असले काही लिहिणाऱ्यावर पलायनवादाचा शिक्का बसू लागला. एंडे या चर्चेला कंटाळले. १९७० च्या सुमारास पत्नी इंगेबोर्ग होफमान यांच्यासह ते रोमच्या दक्षिणेला गेन्झानो या गावी राहायला गेले. तिथेच वेळ चोरणाऱ्या करड्या माणसांची आणि नुसते ऐकून घेण्याची विलक्षण ताकद असलेल्या मुलीची कथा, 'मोमो', १९७३ मध्ये पूर्ण झाली. १९७४ चा बालवाङ्मय पुरस्कार तिला मिळाला.

टीकाकारांना त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते: कल्पनेच्या प्रदेशात जाणे म्हणजे पळणे नव्हे, कारण तिथून परत यायचे असते, आणि परत आलेला माणूस गेलेल्या माणसापेक्षा वेगळा असतो. जाण्यापेक्षा परतणे अवघड, आणि खरी परीक्षा तीच. हे उत्तर त्यांनी निबंधांतून किंवा मुलाखतींतून जेवढे दिले त्याहून कितीतरी नीट एका कादंबरीत दिले.

पुस्तकाची घडण

१९७७ मध्ये प्रकाशक हान्सयोर्ग वाइटब्रेख्ट गेन्झानोला आले आणि नव्या पुस्तकाचा तगादा लावला. एंडे कल्पना कागदाच्या तुकड्यांवर टिपून खोक्यात टाकून ठेवत असत. त्यातला एक तुकडा निघाला: एक मुलगा वाचता वाचता अक्षरशः पुस्तकात शिरतो आणि त्याला बाहेर पडणे कठीण जाते. शंभरेक पानांचा मजकूर होईल असा अंदाज होता. पुस्तक चारशे पानांपलीकडे गेले आणि मुदती मागून मुदती टळत राहिल्या, कारण मुलगा बाहेर कसा येणार याचे उत्तर लेखकालाच सापडत नव्हते. आत जाणे सोपे होते. १९७९ मध्ये पुस्तक बाहेर पडले ते दोन रंगांच्या शाईत छापलेले, वर्णमालेतील प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या सव्वीस प्रकरणांचे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी रोसविता क्वाडफ्लीग यांनी रेखाटलेले मोठे अक्षर मिरवणारे.

कथेची रचना समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही, म्हणून ती थोडी सविस्तर देतो. बास्तियान हा जाडसर, भित्रा, वर्गातल्या मुलांकडून छळला जाणारा मुलगा आहे. त्याची आई वारली आहे आणि वडील दुःखात गोठल्यासारखे झाले आहेत. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर बसून वाचू लागतो. पुस्तकात फान्टाझिएन नावाचा देश 'शून्या'कडून गिळला जात आहे, आणि त्याच्या बालसम्राज्ञीला माणसाच्या मुलाने नवे नाव दिले तरच तो वाचणार आहे. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी बास्तियान ते नाव हाक मारून देतो आणि आत ओढला जातो. इथे पुस्तक अर्धे होते.

उरलेल्या चौदा प्रकरणांत तो देश नव्याने घडवतो. त्याच्या गळ्यातील ताईत त्याची प्रत्येक इच्छा पुरी करतो, पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याची माणसांच्या जगातील एक आठवण नाहीशी होते. तो देखणा होतो, शूर होतो, सत्तेला भुलतो, आत्रेयू या आपल्या जिवलग मित्रावर तलवार उगारतो, आणि शेवटी सर्व हरवून, केवळ वडिलांच्या ओढीने परततो. येताना जीवनाच्या झऱ्याचे पाणी बापासाठी ओंजळीत घेतो आणि तेही सांडते. फान्टाझिएनमधला ड्रॅगन माणसांच्या जगात येत नाही. येते ते एवढेच की बापाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि मुलगा स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन चोरी कबूल करतो.

म्हणजे पहिल्या अर्ध्यात प्रश्न आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात उत्तर. टीकाकारांना द्यायचे जे उत्तर होते, ते सगळेच्या सगळे या दुसऱ्या अर्ध्यात होते.

प्रश्न कसा उभा राहिला

पुस्तकाचे यश सर्वांच्या अपेक्षेपलीकडचे होते. शाळकरी मुले ते वाचत होतीच, पण विद्यापीठांत आणि त्या काळच्या शांतता चळवळीतील तरुणांतही त्याचे वाचन चालू होते. चित्रपटासाठी मागणी येणे ओघाने आले. हक्क दिले गेले, निर्माते डीटर गाइस्लर आणि बेर्न्ड आयशिंगर यांच्याकडे काम आले, आणि पाणबुडीवरील युद्धपटाने १९८१ मध्ये जगभर नाव कमावलेले वोल्फगांग पीटरसन दिग्दर्शक ठरले. आरंभी एंडे पटकथेच्या कामात सहभागी होते. पुढे पटकथेत आपल्याला बाजूला ठेवून बदल केले गेले, अशी त्यांची तक्रार होती.

निर्मात्यांची अडचणही न्यायाने मांडायला हवी. सुमारे सहा कोटी मार्क खर्चाचा चित्रपट केवळ जर्मन प्रेक्षकांच्या तिकिटांवर फिटणारा नव्हता. म्हणून चित्रीकरण इंग्रजीत झाले, मुख्य भूमिकांत अमेरिकेतील मुले आली आणि अमेरिकेत वितरण मिळेल अशी रचना ठरली. म्युनिकजवळच्या बव्हारिया स्टुडिओत यांत्रिक ड्रॅगन, दगड खाणारा राक्षस, दलदल हे सर्व प्रत्यक्ष उभारावे लागले, कारण संगणकावर असले प्राणी घडवण्याचे दिवस अजून यायचे होते. इतक्या खर्चात दीड तासाच्या थोड्या पुढे जाणारा चित्रपट पूर्ण पुस्तक पेलणार नाही, हा हिशेब चुकीचा नव्हता. देश वाचवण्याची मोहीम हा पहिला अर्धा भाग पडद्याला मानवणारा. स्मृती गमावत जाणाऱ्या मुलाची दुसऱ्या अर्ध्यातील कहाणी आतली, मंद आणि अप्रिय नायकाची.

प्रश्न तोडण्याचा नव्हता, तोडल्यावर शेवट कुठून आणायचा याचा होता. अर्ध्यावर थांबणाऱ्या कथेला निर्मात्यांनी स्वतःचा शेवट लावला: बास्तियान ड्रॅगनवर बसून आपल्या शहरावरून उडत येतो आणि त्याला छळणाऱ्या मुलांना पळता भुई थोडी करतो. प्रेक्षागृहात या दृश्याला टाळ्या पडणार हे सांगायला अनुभवी निर्माता नको. पण पुस्तक वाचलेल्या माणसाने क्षणभर थांबून पाहावे की या दृश्याचा अर्थ काय होतो. कल्पनेच्या प्रदेशातून मुलाने काय आणले? शत्रूंवर सूड उगवण्याचे साधन. पलायनवादाचा आरोप करणारे दहा वर्षे नेमके हेच म्हणत होते. सडपातळ बास्तियान, हिरवट कातडीऐवजी साधा दिसणारा आत्रेयू, भरघोस छातीच्या स्फिंक्स मूर्ती, अशा इतर तक्रारी एंडे यांनी केल्या आणि त्यांतल्या काही मला स्वतःला किरकोळ वाटतात; पण शेवटच्या दृश्याबद्दलचा त्यांचा संताप किरकोळ नव्हता.

समोर असलेले पर्याय

पर्यायांचे दोन गट पडतात: सहीपूर्वीचे आणि सहीनंतरचे. त्यांना एकत्र मोजण्याची चूक नेहमी होते, आणि त्यामुळे लेखक 'शेवटपर्यंत लढला' अशी काहीशी वीरकथा तयार होते.

सहीपूर्वी हक्क न देणे शक्य होते. पुस्तक खपत होते, निकड नव्हती. मात्र भाडे थकवलेल्या दिवसांची आठवण असलेल्या माणसाने मोठा देकार परतवावा, ही अपेक्षा आपण दुरून सहज करतो. शिवाय एंडे रंगभूमीचे माणूस होते. आपली गोष्ट दृश्यरूपात पाहण्याची इच्छा त्यांना असणे स्वाभाविक होते. दुसरा मार्ग लहान आणि सावकाश रूपांतराचा होता, कठपुतळ्यांच्या किंवा अनेक भागांच्या मालिकेचा, ज्यात सव्वीस प्रकरणांना पुरेसा अवकाश मिळाला असता. तिसरा मार्ग पटकथेवर अंतिम संमतीचा हक्क करारात घालण्याचा होता. सहा कोटी मार्क गुंतवणारा निर्माता असा नकाराधिकार सहजी देत नाही, हे खरे. पण संपूर्ण पटकथेवर नाही तरी केवळ शेवटावर तो मागता आला असता. चौथा मार्ग मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो: हक्क पहिल्या अर्ध्याचेच द्यायचे, नाव देण्याच्या प्रसंगावर चित्रपट थांबेल असे लिहून घ्यायचे, आणि दुसऱ्या अर्ध्याचे हक्क स्वतःकडे ठेवायचे. तोडणी निर्मात्याने करण्याऐवजी लेखकानेच करायची. पहिल्या पुस्तकाच्या वेळी लोटे वाइटब्रेख्ट यांनी एका हस्तलिखिताची दोन पुस्तके करून दाखवली होती, तेव्हा ही कल्पना एंडे यांना परकी नव्हती.

सहीनंतर मार्ग आक्रसले. गप्प राहून मानधन घेणे, निर्मात्यांशी खासगीत बोलणे, नाव काढून घेऊन जाहीरपणे हात झटकणे, किंवा न्यायालयात जाणे. जर्मन कायद्यात लेखकाला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क आहे. परंतु १९६५ च्या लेखाधिकार कायद्यातच चित्रपटांसाठी हा हक्क आकसून ठेवला आहे. तिथे साधे विद्रूपीकरण पुरत नाही, ते ढोबळ स्वरूपाचे असावे लागते आणि इतर सहभागींच्या हिताचाही विचार करावा लागतो. कारण उघड आहे: शेकडो माणसांचे श्रम आणि कोट्यवधींचे भांडवल एका माणसाच्या नापसंतीने अडू नये. चित्रीकरण सुरू झाल्यावर हक्क परत घेण्याचा मार्गही त्या कायद्याने बंद केला आहे.

प्रत्यक्षात केलेली कृती

एंडे यांनी शेवटचे दोन्ही मार्ग धरले. त्यांनी चित्रपटाला गल्लाभरूपणा, कचकडे, मखमल आणि प्लॅस्टिक यांचा अवाढव्य मेलोड्रामा म्हटले, आपले नाव काढण्याची मागणी केली आणि प्रकरण न्यायालयात नेले.

जाहीर निषेधाचा परिणाम दुधारी झाला. लेखक स्वतःच आपल्या चित्रपटाविरुद्ध बोलतो, ही बातमी होती, आणि तिने चित्रपटाची चर्चा वाढवली. अनेक समीक्षकांनी त्यांना दुखावलेला, हेकट लेखक ठरवले. त्यांचा मुख्य मुद्दा, म्हणजे शेवटाने कथेचा अर्थ उलटा केला हा, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मावणारा नव्हता. 'प्लॅस्टिक' हा शब्द मावणारा होता. माझ्या मते इथे त्यांच्याकडून निवडीची चूक झाली. दहा तक्रारी एकदम मांडल्याने ज्या एका तक्रारीत तथ्य होते ती इतर नऊ रुचीच्या तक्रारींत बुडाली. स्फिंक्सच्या मूर्तींबद्दल ते बोलले नसते, आणि ड्रॅगन माणसांच्या जगात का येऊ शकत नाही एवढेच दर मुलाखतीत सांगत राहिले असते, तर वाचकांना तरी वाद कशाचा आहे हे कळले असते.

परिणाम

चित्रपट ६ एप्रिल १९८४ रोजी पश्चिम जर्मनीत प्रदर्शित झाला आणि तिथे सुमारे पन्नास लाख प्रेक्षकांनी तो पाहिला. त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेत गेला आणि तिथे सुमारे दोन कोटी डॉलरचा गल्ला झाला. एंडे यांचे नाव आरंभीच्या श्रेयनामावलीतून गेले. न्यायालयात मात्र चित्रपट अडवण्याइतके यश त्यांना आले नाही. म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयापर्यंत गेलेल्या या वादाचा निकाल १९८५ मध्ये लागला तेव्हा चित्रपट जगभर पोचून वर्ष उलटले होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला असता तरी ड्रॅगनवरून उडणारा मुलगा लाखो मुलांच्या डोळ्यांपुढून पुसला जाणार नव्हता. पुस्तकाचा खप याने घटला नाही. चित्रपट पाहून पुस्तकाकडे आलेल्या असंख्य मुलांना दुसरा अर्धा भाग तिथेच, पहिल्यांदा भेटला. हा निर्मात्यांच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे आणि तो खोडून काढता येत नाही.

१९९० मध्ये आलेल्या दुसऱ्या चित्रपटात इच्छांच्या बदल्यात आठवणी जाण्याचे सूत्र वापरले गेले, पण साहसकथेच्या सोयीने. तिसरा १९९४ चा. त्यात पुस्तकाचे काही प्राणी होते, एवढेच म्हणता येईल. पहिल्या करारावेळी दुसऱ्या अर्ध्याला वेगळे कुंपण का हवे होते, ते या दोन चित्रपटांनी दाखवले.

खासगी आयुष्यात हा काळ कठीण गेला. मार्च १९८५ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि एंडे इटलीतील घर सोडून म्युनिकला परतले. त्याच दशकाच्या अखेरीस विश्वासाने पैशांचे व्यवहार ज्याच्यावर सोपवले होते त्या सल्लागाराच्या कारभारामुळे आपण लाखो मार्कांच्या कर्जात आहोत, हे त्यांना कळले. जगभर खपणाऱ्या लेखकाने स्वतःचे जमाखर्च पाहू नयेत याचे नवल वाटते; पण करारांच्या बाबतीतही त्यांचा स्वभाव फार वेगळा नसावा, अशी शंका येते. १९८९ मध्ये त्यांनी मारिको सातो यांच्याशी विवाह केला, ज्यांनी 'न संपणारी गोष्ट' जपानीत नेली होती. २८ ऑगस्ट १९९५ रोजी श्टुटगार्टजवळच्या फिल्डरश्टाट येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा सहीची. पुस्तकाचे हक्क देताना लेखकाने किंमत, मुदत, भाषा यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायचा असतो: माझ्या पुस्तकातील कोणता भाग काढला तर ते माझे उरत नाही? एंडे यांच्या बाबतीत याचे उत्तर दोन वाक्यांत लिहिता आले असते. ड्रॅगन परत येणार नाही. मुलगा रिकाम्या हातांनी परतेल. ही दोन वाक्ये अट म्हणून करारात असती तर सहा कोटी मार्कांच्या निर्मितीलाही ती जड गेली नसती, कारण ती पाळायला पैसा लागत नव्हता, फक्त शेवटची काही मिनिटे वेगळी लागत होती.

दुसरी जागा पटकथा पहिल्यांदा हातातून सुटली तेव्हाची. सल्लामसलतीचा हक्क आणि संमतीचा हक्क यांत जो फरक आहे तो भांडण होईपर्यंत जाणवत नाही. दिग्दर्शकाशी बैठका चालू असतात, चहा होतो, कागदांची देवाणघेवाण होते, आणि लेखकाला वाटते आपले ऐकले जात आहे. ऐकले जातही असते. फक्त ठरवत कोणी दुसरा असतो.

तिसरी जागा न्यायालयाची, आणि इथे भारतीय वाचकाला एक समांतर प्रकरण आठवेल. जवळपास त्याच काळात मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ च्या निकालात न्यायालयाने भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खालील लेखकाचे विशेष हक्क करारातील शब्दांपलीकडचे मानले. प्रत्यक्ष वाद मात्र तडजोडीने मिटला आणि चित्रपटातून लेखिकेचे व कादंबरीचे नाव वगळायचे ठरले. जर्मन कायद्याने चित्रपटनिर्मात्याला दिलेली विशेष सवलत आपल्या कलमात त्या रूपात नाही, त्यामुळे मराठी लेखकाची बाजू कागदावर तरी एंडे यांच्यापेक्षा भक्कम आहे. पण दोन्हीकडे हाती लागले ते सारखेच: नाव निघाले, चित्रपट राहिला.

चौथी जागा सर्वांत कमी चर्चेतली आहे. १९८६ मध्ये 'मोमो'वर योहानेस शाफ यांनी चित्रपट केला. तो रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत झाला, त्यात वृद्ध जॉन ह्यूस्टन यांनी वेळेच्या स्वामीची भूमिका केली, आणि या वेळी एंडे यांनी पटकथेत भाग घेतला. इतकेच नव्हे, तर आरंभी आगगाडीत बसलेला प्रवासी म्हणून ते स्वतः पडद्यावर दिसतात. 'मोमो' अर्ध्यात तोडता येण्यासारखी नाही हे एक कारण असेलच. पण एक गाजलेला चित्रपट कोर्टात खेचून लगेच दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेला बसणारा लेखक रूपांतराच्या विरोधात नव्हता, हे त्यावरून नक्की दिसते. हा चित्रपट आधीच्या चित्रपटाइतका गाजला नाही. पुस्तकाशी इमान राखूनही गाजेल असा चित्रपट शक्य होता का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे एंडे यांच्या बाजूने झुकत नाही, आणि हे त्यांच्या समर्थकांनी मान्य करायला हवे.

आज म्युनिकच्या ब्लुटेनबुर्ग किल्ल्यातील आंतरराष्ट्रीय बालग्रंथालयात त्यांच्या नावाचे छोटे संग्रहालय आहे. मार्च २०२४ मध्ये 'न संपणारी गोष्ट' पुन्हा पडद्यावर आणण्याची घोषणा झाली, आणि या वेळी त्यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणारी मंडळी निर्मितीत भागीदार आहेत. बेत एका चित्रपटाचा नाही, चित्रपटमालिकेचा आहे.